निरोगी वाहक? पुरावा कुठे आहे?

रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून बोलावणे येते. आखातातल्या नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत ‘अनफिट’चा शिक्का बसतो. गरोदरपणातल्या पहिल्याच तपासण्यांत ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह निघते. हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, अनेकांना अशीच कळते: अंगात काहीही दुखत-खुपत नसताना. पुढचा प्रसंगही ठरलेला असतो. एलएफटी, म्हणजे यकृताच्या कार्याची तपासणी, होते, तिच्यातली एसजीपीटी नॉर्मल येते, ई अँटिजेन निगेटिव्ह येते आणि सल्ला मिळतो: तुम्ही नुसते कॅरियर आहात, विषाणू झोपलेला आहे, दारूला शिवू नका, वर्षाकाठी एक एलएफटी करा आणि निश्चिंत राहा. रुग्णाने विषाणूच्या डीएनए तपासणीचा विषय काढलाच, तर ‘ती हौस आहे, लॅबवाल्यांचा धंदा आहे’ असे उत्तर येते.

या मताचे खंडन करणे हा या लेखाचा हेतू आहे. मात्र हे मत धरणारी मंडळी अडाणी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी हजारो रुग्ण पाहिले आहेत आणि गरिबाच्या खिशाची काळजी त्यांना माझ्याइतकीच, कदाचित जास्तच, आहे. म्हणून आधी त्यांचा पूर्वपक्ष त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडतो.

ते म्हणतात, हिपॅटायटिस बीची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काही होत नाही, आणि हे खरे आहे. ते म्हणतात, डॉक्टरने यकृताला इजा होते आहे की नाही हे पाहायचे असते, विषाणूंची शिरगणती करायची नसते. आणि इजेची खबर एसजीपीटी देतेच. ई अँटिजेन नाही, म्हणजे विषाणूची वाढ थंडावली आहे. डीएनए तपासणीला काही हजार रुपये पडतात आणि एवढे करून औषध रोग मुळापासून काढत नाही. मग आकडा कळून करायचे काय? शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2024च्या मार्गदर्शक सूचनांत डीएनए तपासणीशिवायही उपचार सुरू करण्याची मुभा दिली आहे. खुद्द संघटनाच जिथे अडून बसत नाही, तिथे आपण का बसावे?

पूर्वपक्ष असा भक्कम आहे. आता उत्तरपक्ष.

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण हे मत पहिल्यांदा तिथेच अडखळते. ‘निष्क्रिय वाहक’ कोणाला म्हणायचे, हे वैद्यकशास्त्राने ठरवून ठेवले आहे. ई अँटिजेन निगेटिव्ह हवे, एसजीपीटी सातत्याने नॉर्मल हवी आणि रक्तातला विषाणूचा डीएनए दर मिलिलिटरला 2,000 आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी हवा. अटी तीन आहेत. दोन तपासून तिसरी गृहीत धरायची आणि वर निदानाचा शिक्का मारायचा, याला निदान म्हणता येईल का? ज्याला डीएनए तपासणी अनावश्यक वाटते त्याने ‘निष्क्रिय’ हे विशेषण वापरू नये. ते त्या तपासणीच्याच भरवशावर उभे आहे.

दुसरा मुद्दा ई अँटिजेनचा. त्यावर थोडे थांबतो, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ इथे आहे आणि विषयही मोठा रंजक आहे. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा जनुकसंच जेमतेम 3,200 अक्षरांचा, एवढा आटोपशीर की तीच अक्षरे वेगवेगळ्या टप्प्यांवरून वाचून तो वेगवेगळी प्रथिने बनवतो. ई अँटिजेन हे त्यांतलेच एक. स्वीडनच्या लार्स मॅग्नियस यांनी 1972 मध्ये ते ओळखले. ज्यांच्या रक्तात ते सापडते त्यांच्यात विषाणू भरपूर, ज्यांच्या रक्तात नाही त्यांच्यात थोडा, असा ढोबळ नियम पुढे रूढ झाला. त्या काळी विषाणूचा डीएनए मोजण्याचे चांगले साधन हाताशी नव्हते, त्यामुळे या नियमावर विसंबणे रास्तच होते.

पण विषाणूला आपल्या प्रती काढायला ई अँटिजेनची गरजच नसते. त्याच्या जनुकसंचातल्या 1896व्या जागी जी ऐवजी ए हे अक्षर आले की तिथे ‘थांबा’ अशी आज्ञा तयार होते. ई अँटिजेन बनणे बंद होते, विषाणूचे उत्पादन चालू राहते. हा बदल 1989 मध्ये भूमध्य सागराच्या परिसरातल्या रुग्णांत वर्णिला गेला. तो कोणत्या विषाणूत रुजेल, हेही योगायोगावर सोडलेले नाही. 1896वी जागा विषाणूच्या आरएनएच्या एका गाठीत येते आणि तिथले अक्षर 1858व्या अक्षराशी जोडी जुळवते. जीनोटाइप डी मध्ये 1858व्या जागी टी असतो, त्यामुळे नवा ए आला की गाठ उलट घट्ट होते. जीनोटाइप ए मध्ये तिथे बहुधा सी असतो. त्यात हाच बदल गाठ सैल करतो, म्हणून तो क्वचितच टिकतो.

आता भारतात कोणते जीनोटाइप आहेत? मुख्यतः डी आणि ए. पूर्व आणि ईशान्य भागात सी. म्हणजे ज्या जीनोटाइपमध्ये ई अँटिजेन गायब होऊनही विषाणू जोमात राहू शकतो, तोच आपल्याकडचा एक प्रमुख जीनोटाइप आहे. जगात अन्यत्र ‘ई निगेटिव्ह म्हणजे झोपलेला’ हा नियम थोडाफार चालला असेल. आपल्या देशात तो डोळे मिटून चालवणे ही चैन आहे.

याचा एक भयंकर दाखला जवळचाच आहे. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीचा उद्रेक झाला आणि त्यात मृत्यूंचे प्रमाण असाधारण होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूच्या जनुकांचा अभ्यास केला. नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजा आणि विषाणूच्या प्रीकोअर (वरची 1896वी जागा ज्यात येते तो) व बेसल कोअर प्रमोटर या भागांतली उत्परिवर्तने, अशा दोन्ही गोष्टींशी त्या उद्रेकाचा संबंध त्यांनी दाखवला. प्रतिपक्ष म्हणेल, ती तीव्र लागण होती, दीर्घकालीन नव्हे. मान्य. पण ज्याला आपण ‘झोपलेला’ म्हणतो तो बदललेला विषाणू आपल्या शेजारात फिरत होता, सुईवाटे पसरत होता आणि माणसे मारत होता, एवढे तर सिद्ध झाले ना? झोपलेल्याने एवढे केले, तर जागा असता तर काय केले असते!

तिसरा मुद्दा एसजीपीटीचा. पूर्वपक्षाची सारी भिस्त हिच्यावर आहे. हे विकर यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढते. पण पेशी कोण फोडते? हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः सहसा पेशी मारत नाही. लागण झालेल्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती चाल करून जाते आणि त्या झटापटीत पेशी फुटतात. एसजीपीटीवरून विषाणूचा अंदाज बांधणे म्हणजे लाठीमारात फुटलेल्या काचा मोजून दंगेखोर किती होते ते सांगणे. पोलीस आलेच नाहीत, तर काचा शाबूत राहतील आणि जमाव हजारोंचा असेल. तरुणपणी अनेक रुग्णांत नेमके हेच होते: डीएनए कोटींच्या घरात आणि एसजीपीटी निर्मळ. ई निगेटिव्ह आजारात तर एसजीपीटी लाटेसारखी चढते-उतरते. वर्षातून एकदा, आणि तीही ओहोटीच्या दिवशी, रक्त घेतले तर ‘नॉर्मल’ येणारच.

शिवाय नॉर्मल म्हणजे किती? लॅबच्या कागदावर वरची मर्यादा 40 छापलेली असते, कुठे 45, कुठे त्याहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने ती पुरुषांसाठी 30 आणि स्त्रियांसाठी 19 धरली आहे. एखाद्या बाईची एसजीपीटी 36 आली तर कागदावर तिच्यापुढे कोणतीही खूण नसते, पण संघटनेच्या मापाने ती जवळपास दुप्पट असते. वर्षानुवर्षे ‘नॉर्मल’चे कागद फाइलला लावून बसलेल्या किती बायका या 19 आणि 40च्या मधल्या पट्टीत असतील?

तरीही हा युक्तिवादच झाला. प्रत्यक्ष पुरावा काय? तैवानमध्ये चेन चिएन-जेन यांच्या नेतृत्वाखाली ‘रिव्हील’ नावाचा अभ्यास झाला. (हे चेन पुढे त्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानही झाले. साथरोगतज्ज्ञाला एवढी उंची देणाऱ्या देशाचा हेवा वाटतो, पण तो विषय वेगळा.) 30 ते 65 वयोगटातल्या 3,653 वाहकांचा त्यांनी सरासरी अकरा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला ज्यांचा डीएनए दर मिलिलिटरला 300 कॉपींहून कमी होता, त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचे एकत्रित प्रमाण 1.3 टक्के निघाले. ज्यांचा 10 लाख कॉपी किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यात 14.9 टक्के. आता पुढचे वाक्य वाचकांनी न्यायाधीशाच्या नजरेने वाचावे. डीएनए आणि कर्करोग यांचे हे चढते नाते सर्वांत ठळक दिसले ते 2,925 जणांच्या अशा गटात, ज्यांचे ई अँटिजेन निगेटिव्ह होते, एसजीपीटी नॉर्मल होती आणि ज्यांना सिऱ्हॉसिस नव्हता. म्हणजे ज्यांना आपण ‘चिंता नको’ म्हणून घरी पाठवतो, त्याच माणसांत.

इथे एक आक्षेप मीच घेतो, कारण प्रतिपक्षातला चाणाक्ष माणूस तो घेणारच. तैवानात जीनोटाइप बी आणि सी आहेत, आपल्याकडे डी आणि ए. तिथले टक्के इथे तसेच्या तसे लागू करता येतील का? नाही, आणि तसे कोणी करूही नये. पण टक्का बदलला म्हणून नात्याची दिशा उलटी होते, असे म्हणायला काही आधार हवा. तो कुणी दिलेला नाही. उलट दिल्लीत शिवकुमार सरीन यांच्या गटाने एसजीपीटी सातत्याने नॉर्मल असलेल्या भारतीय वाहकांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतल्या काहींत लक्षणीय फायब्रोसिस, म्हणजे यकृतावरचे व्रण, सापडला. ती माणसे इथलीच होती आणि विषाणूही इथलाच.

आता पूर्वपक्षाच्या एका तक्रारीला मी मोकळेपणाने साथ देतो. जनुकीय तपासणीच्या नावाखाली बाजारात बरेच काही विकले जाते आणि त्यातले पुष्कळ रुग्णाच्या कामाचे नसते. पहिला घोळ, जनुके कोणाची हाच. हा घोळ या आजाराइतकाच जुना आहे. बरुक ब्लुमबर्ग माणसा-माणसांतले आनुवंशिक फरक शोधायला निघाले होते. वारंवार रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाशी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातले प्रथिन जुळले. त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ नाव देऊन त्यांनी 1965 मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि ते वारशाने येणारे लक्षण असावे अशी त्यांची अटकळ होती. एकाच कुटुंबात अनेकांकडे ते सापडे, मग दुसरे काय वाटणार? पुढे डाउन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाचे रक्त आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह आले. वारसा असा मधूनच उगवत नाही. त्या रुग्णाला यकृतदाह झाला होता. घराण्यात उतरत होता तो विषाणू होता, जनुक नव्हे. 1976 मध्ये ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले. आपली अटकळ पुराव्यापुढे सोडून देण्याची तयारी त्यामागे होती.

म्हणून कुणी तुमच्या स्वतःच्या जनुकांची चाचणी करून हिपॅटायटिस बीचा उपचार ठरवू म्हणत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. एचएलए-डीपी या जनुकाच्या काही रूपांचा दीर्घकालीन लागणीशी संबंध दिसला आहे, संशोधनाला तो मोलाचाही आहे. पण त्यावरून औषध सुरू किंवा बंद करा असे कोणी सांगत नाही. विषाणूच्या जीनोटाइपचेही थोडेफार असेच. इंटरफेरॉन द्यायचे असेल तर ए चांगला प्रतिसाद देतो, डी फारसा देत नाही, म्हणून तिथे जीनोटाइप कळावा. रोजची गोळी द्यायची असेल तर तो न कळूनही अडत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या उत्परिवर्तनांची चाचणीही पहिल्याच भेटीत करायची गोष्ट नाही. लॅमिव्हुडीन एकटे देत असत त्या काळात पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांत विषाणू निबर होई. त्या वेळी विषाणूच्या पॉलिमरेज या विकरातल्या 204व्या जागेवरचा बदल शोधणे अर्थपूर्ण होते. आजच्या टेनोफोव्हिर या गोळीला दाद न देणारा विषाणू इतक्या वर्षांच्या वापरानंतरही जवळजवळ दिसत नाही. ज्याने पूर्वी लॅमिव्हुडीन घेतले आहे, किंवा गोळी नियमित घेऊनही ज्याचा डीएनए चढतो आहे, त्याच्यासाठी ती चाचणी राखून ठेवावी.

पण अशा चाचण्यांचे पॅनेल निरुपयोगी आहे म्हणून व्हायरल लोड, म्हणजे विषाणूच्या डीएनएची मोजणी, हीही निरुपयोगी, हा तर्क कोणत्या शास्त्रात बसतो? प्रतिपक्ष सगळ्या जनुकीय तपासण्या एका पोत्यात भरतो आणि पोतेच फेकून देतो. विषाणूचा डीएनए किती, या एका आकड्याची जागा दुसरे काही घेत नाही. तो वाचता मात्र यायला हवा. 80 लाखांवरून 50 लाखांवर आल्याचा आनंद करू नये, कारण लॉगच्या मापात ते 6.9वरून 6.7 झाले, अर्ध्या लॉगच्या आतला फरक तपासणीच्या चढउतारातच जमा होतो. एक लॅब कॉपी मोजते, दुसरी एकके. एका एककात साधारण पाच-सहा कॉपी येतात. हे न पाहता दोन कागद शेजारी ठेवले की विनाकारण झोप उडते. आणि एकदाच मोजूनही भागत नाही: पहिल्या वर्षात एसजीपीटी आणि डीएनए दोन्ही पुन्हा पाहिल्याशिवाय निष्क्रियतेचा निर्वाळा देऊ नये.

आता त्या वजनदार मुद्द्याकडे वळू. 2024च्या सूचनांनी डीएनएशिवाय उपचाराची मुभा दिली, हे अक्षरशः खरे आहे. पण ती कशासाठी दिली? उपचार नाकारला जाऊ नये म्हणून. जिथे डीएनए तपासणी उपलब्धच नाही, तिथे एसजीपीटी सातत्याने वाढलेली असल्यास तेवढ्यावरही औषध द्या, असे ती सांगते. एसजीपीटी नॉर्मल आहे, तेव्हा डीएनए न पाहता रुग्णाला निर्धास्त करा, असे कोणत्या पानावर लिहिले आहे? त्याच सूचना डीएनए 2,000च्या वर आणि एसजीपीटी मर्यादेबाहेर असल्यास उपचार द्या म्हणतात; फायब्रोसिस असल्यास, मधुमेहासारखा सोबतचा आजार असल्यास किंवा घराण्यात यकृताचा कर्करोग झालेला असल्यास आणखी उदार होतात; आणि ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह येताच त्याच नमुन्यावर डीएनए तपासणी आपोआप व्हावी, अशी शिफारसही करतात. उपचाराचे दार रुंद करण्यासाठी लिहिलेले वाक्य तपासणीचे दार बंद करायला वापरणे हे वाचन नव्हे, वकिली आहे.

उपलब्धतेचे म्हणाल, तर ‘आमच्याकडे सोय नाही’ हे कारण दिवसेंदिवस विरळ होते आहे. 28 जुलै 2018 रोजी, म्हणजे ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिनी, सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. क्षयरोगासाठी आणि नंतर कोविडसाठी तालुक्या-तालुक्यांत जी ट्रूनॅट यंत्रे पोहोचली, ती बनवणारी मोलबायो ही कंपनी गोव्याची. त्याच यंत्रात चिप बदलली की हिपॅटायटिस बीचा डीएनए मोजता येतो. यंत्र आहे, वीज आहे, तंत्रज्ञ आहे. नसते ती फक्त चिठ्ठी.

आणि ‘कळून करायचे काय?’ टेनोफोव्हिर विषाणू मुळापासून काढत नाही, हे खरे. पेशीच्या केंद्रकात दडलेल्या त्याच्या डीएनएपर्यंत आजचे औषध पोहोचत नाही आणि विषाणूचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत जाऊन बसतात तेही उपटता येत नाहीत. म्हणून डीएनए ‘आढळला नाही’ आला तरी जोखमीच्या रुग्णाची सहामाही सोनोग्राफी चुकवू नये. पण मधुमेह तरी कुठे मुळापासून जातो? म्हणून कुणी साखर मोजणे सोडत नाही. गोळी चालू असताना डीएनए पुन्हा चढला, तर रुग्णाने ती चुकवली आहे ही बातमी एसजीपीटी वाढण्याच्या कितीतरी आधी मिळते, आणि मनाने गोळी सोडलेल्या माणसाचे यकृत अचानक भडकू शकते, हे प्रतिपक्षही जाणतो.

सर्वांत निकडीची गोष्ट गरोदर स्त्रीची. जन्मताच चोवीस तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन देऊनही काही बाळांना लागण होते, आणि ती प्रामुख्याने अशा आयांच्या बाळांना, ज्यांचा डीएनए दर मिलिलिटरला 2 लाख एककांच्या वर असतो. अशा आईला दुसऱ्या तिमाहीपासून टेनोफोव्हिर दिले की धोका फार घटतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत ती कायमची राहते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गोळीची किंमत कळते. तपासणीची सोय नसेल तिथे सर्वच पॉझिटिव्ह गरोदर स्त्रियांना औषध देता येते, तेही चालेल. चालणार नाही ते एकच: तपासणीही नाही, औषधही नाही, आणि हातात ‘एसजीपीटी नॉर्मल’चा कागद. पन्नाशीतल्या वाहकाला आपला आकडा महिनाभर उशिरा कळला तर सहसा फारसे बिघडत नाही. पाचव्या महिन्यातल्या बाईला तो बाळंतपणानंतर कळून उपयोग नाही.